वन्संचा चौथा जोड

आमच्या कंपनीच्या खोक्यात बुटांबरोबर एक घडी घातलेली चिठ्ठी येते, ती वाचू नका. वाचलीच असेल तर विसरून जा. तीत लिहिलंय की आमच्या संस्थापकांनी म्हणे सात वर्षं डोंगरात अनवाणी राहून मानवी पावलाचं चिंतन केलं आणि निसर्गाकडून निरामय आरोग्याचं रहस्य मिळवलं. संस्थापक म्हणजे आमचे हे. डोंगर राहू द्या, हे कधी भाजी आणायला कोपऱ्यापर्यंत गेले नाहीत. आणि अनवाणी? न्हाणीघरातसुद्धा यांना चप्पल लागायची.

ती चिठ्ठी मुलाने कोणा जाहिरातवाल्याकडून लिहून घेतली. मी जाब विचारला तर म्हणतो कसा, "आई, लोकांना गोष्ट लागते." अरे, लागते ना? मग घडली ती काय वाईट आहे? दोनदा मी त्याला सांगायला बसले आणि दोन्हीदा त्याचा फोन वाजला. म्हणून आता तुम्हाला सांगते. तुमचा फोन वाजला तर वाजू द्या.

आमचं तेव्हा एकच दुकान होतं. पुढे दहा फुटांची खोली, तिच्यात एक उंच खुर्ची, एक आरसा आणि काचेचं कपाट. मागच्या खोलीत खिडकीला लागून कामाचं टेबल, त्यावर चामडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी, हातोडी, सरसाचा डबा, आणि भिंतीवर जोडीजोडीने टांगलेले लाकडी साचे. त्या साच्यावर चामडं ताणून बूट बांधतात. हे कारागीर म्हणून एक नंबर. लोक लग्नाकार्याचे बूट करून घ्यायला लांबून यायचे. यांचा बूट म्हणजे पायाला असा धरून बसलेला की मध्ये कागद जाणार नाही. आणि गर्व असा की विचारू नका. दारावर पाटी होती, "दुपारनंतर माप घेतलं जाणार नाही." यांच्या उस्तादांनी शिकवलेलं होतं की पायाचं माप सकाळी घ्यायचं, गिऱ्हाईक विश्रांती घेऊन आलेलं असताना, त्याला खुर्चीत बसवून. दिवसभर राबलेला पाय सुजतो, पसरतो. उस्ताद म्हणायचे, संध्याकाळचा पाय खोटं बोलतो. यांना ते वाक्य इतकं आवडायचं की गिऱ्हाइकांना मुद्दाम ऐकवायचे.

आता वन्सं. माझी मोठी नणंद, यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी थोरली. आईवडील लवकर गेले तेव्हा हे आठ वर्षांचे होते. वन्संनी नर्सिंगचं शिक्षण घेतलं, यांना वाढवलं, उस्तादांच्या पाया पडून यांना तिथे कामाला लावलं. स्वतः लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "वॉर्डात चोवीस पोरं आहेत, आणखी कशाला?" लहान मुलांच्या वॉर्डात त्या तीस वर्षं होत्या. रडणाऱ्या पोराला सुई टोचायची असली की डॉक्टरसुद्धा आधी त्यांना शोधायचे.

आणि त्यांचे पाय गेले. अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलं, टाचा दुखायला लागल्या, बारा-बारा तासांच्या ड्यूटीत घोटे सुजायला लागले. एके दिवशी औषधांचा ट्रे हातात घेऊन त्या वॉर्डाच्या मधोमध मटकन खाली बसल्या. बाटल्या फुटल्या. मेट्रनबाईंनी बोलावून सांगितलं, "सिस्टर, दोन महिन्यांनी तीन डॉक्टर तुमची तपासणी करतील. वॉर्डापासून तळमजल्यापर्यंत दोन फेऱ्या, जिन्याने, न थांबता. जमलं तर वॉर्ड तुमचा. नाही तर तुम्हाला नोंदणीच्या खिडकीत बसवावं लागेल." खिडकी म्हणजे काचेमागे बसून लोकांची नावं लिहायची. वन्सं घरी आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना माझ्यासमोर रडताना पाहिलं. म्हणाल्या, "मला तिथे बसवलं तर मी मरेन गं." त्या उगीच काही बोलणाऱ्यांतल्या नव्हेत.

हे मात्र एकदम हुरूप येऊन उठले. बहिणीचे पाय आणि भाऊ बूट करणारा, मग अडलंय कुठे? रविवारी सकाळी वन्संना बोलावलं, खुर्चीत बसवलं, कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवली. आठवड्यात जोड तयार. मऊ चामडं, एकसारखे टाके, बघत राहावं असं काम. वन्सं दुकानात चार पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "छान आहेत रे."

चार दिवसांनी त्या लंगडताना दिसल्या. हे म्हणाले, तळ पातळ झाला असेल. दुसरा जोड केला, जाड तळाचा. वन्सं म्हणाल्या, "हे तर फारच छान." मग तिसरा, आतून लोकरीचं अस्तर लावलेला. तोही छान. हे रात्री जेवताना मला सांगायचे, "ताईला माझं काम आवडतं बघ." आणि वन्सं दर आठवड्याला थोड्या जास्त लंगडायच्या. तपासणीला बारा दिवस राहिले होते.

त्या आठवड्यात वन्संचा चष्मा आमच्याकडे राहिला, म्हणून मी तो द्यायला हॉस्पिटलात गेले. संध्याकाळचे सहा वाजले असतील. वॉर्डात कोणी म्हणालं, सिस्टर चादरींच्या खोलीत आहेत. दार लोटलं तर वन्सं उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसलेल्या, पायांत कुठल्याशा पुरुषाच्या भल्यामोठ्या चपला, त्यासुद्धा पुढून कात्रीने कापलेल्या. आणि चादरींच्या कपाटात, खालच्या फळीवर, यांचे तिन्ही जोड ओळीने मांडलेले. नव्यासारखे. तळ जेमतेम मळले होते.

मी कपाळावर हात मारला. "वन्सं, अहो हे काय?"

"दुकानात येताना घालते ना," त्या म्हणाल्या, जणू चोरी पकडली गेलेली एखादी पोर. "सकाळी छान बसतात. दहा वाजेपर्यंत ठीक असतं. पुढे जीव जातो."

"मग सांगत का नाही?"

त्यांनी कपाटाचं दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "तो पंधरा वर्षांचा होता तेव्हा त्याने पहिला जोड केला. उस्तादांच्या दुकानातले सगळे हसले. तीन दिवस जेवला नाही, पळून जायला निघाला होता. मी तो जोड पायात घालून महिनाभर कामावर गेले आणि रोज सांगितलं, छान आहेत. तेव्हा कुठे तो टिकला. आता त्याचं एवढं नाव झालंय. मीच नावं ठेवू? त्याला यातलं कळता कामा नये हं. शपथ घे माझी."

मी शपथ घेतली. खोटी घेतली हे तेव्हाच मला माहीत होतं.

मग मी त्यांना उभं केलं. बसलेल्या बाईचे पाय मोजून काय करायचंय, ती काय बसून वॉर्ड सांभाळते? जमिनीवर जुना पेपर अंथरला, वन्संच्याच खिशातली पेन्सिल काढली आणि दोन्ही पावलांभोवती ओढली. चादरींच्या खोलीचं दार उघडंच होतं. हाताला प्लास्टर घातलेली एक चिमुरडी येऊन बघत उभी राहिली आणि म्हणाली, "माझंपण काढा." तिचंही काढलं. कोपऱ्यात मावलं.

घरी येऊन मी यांचा सकाळचा कागद काढला आणि त्यावर माझा ठेवला. रुंदीत चांगला बोटभर फरक होता. अंगठ्याकडचं हाड माझ्या कागदावर टेकडीसारखं बाहेर आलेलं, यांच्या कागदावर त्याचा पत्ताच नव्हता. बसलेला, विसावलेला पाय तेवढाच दिसणार.

मी दोन्ही कागद यांच्या टेबलावर नेऊन ठेवले. यांनी माझ्या कागदाकडे नुसतं पाहिलं आणि विचारलं, "कोण हा हमाल?"

"तुमची ताई."

"शक्यच नाही. तिचा पाय माझ्या भिंतीवर टांगलाय." मग बारकाईने बघून म्हणाले, "संध्याकाळी घेतलंस ना? उभं करून? अगं, संध्याकाळचा पाय खोटं बोल..."

आता माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "पाय नाही खोटं बोलत. माणसं बोलतात. तुमच्या त्या खुर्चीत बसून चांगली चांगली माणसं बोलतात. तुमचे तिन्ही जोड चादरींच्या कपाटात पडलेत आणि ताई कुणाच्या तरी टाकलेल्या चपला कापून दिवस काढतायत. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून." शपथेचं राहूनच गेलं. सगळं सांगून टाकलं, पहिल्या जोडासकट.

नाकावर माशी बसू न देणारा माणूस, पण त्या दिवशी दोन्ही कागद पुढ्यात घेऊन नुसता बघत बसला. चहा निवून त्यावर साय धरली तरी हात लावला नाही. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस पुन्हा रापी हातात धरत नाही. बोलून बसले आणि मग बोलले कशाला असंही वाटलं. पण तपासणीला अकरा दिवस होते आणि मला खिडकीमागे बसलेल्या वन्सं डोळ्यांसमोर दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता यांनी दुकान बंद केलं आणि म्हणाले, "चल." आम्ही हॉस्पिटलात गेलो. वॉर्डाच्या काचेच्या दाराबाहेर हे जवळजवळ तासभर उभे होते. आत वन्सं एका खाटेकडून दुसरीकडे जात होत्या. हे त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते, नजर सगळी खाली. पाऊल कुठे टेकतंय, भार कुठे पडतोय, वळताना काय होतंय. मधूनच पुटपुटायचे, "बाहेरच्या कडेवर चालतेय... अंगठा वाचवतेय." एकदा वन्संनी वाकून कुणाची तरी उशी नीट केली, सरळ होताना खाटेची कड धरली आणि डोळे मिटून दोन क्षण तशाच उभ्या राहिल्या. तेव्हा यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

ड्यूटी संपवून वन्सं बाहेर आल्या आणि आम्हाला बघून चपला लपवायला लागल्या. लपवणार कुठे, पायांतच होत्या.

हे म्हणाले, "ताई, मी गणितात नापास झालो तेव्हा तू मला पट्टीने मारलं होतंस."

"मारलं होतं," वन्सं म्हणाल्या.

"मग बुटांना का नाही मारलंस?"

"तुला लागलं असतं रे."

"लागू दे ना. मी धडधाकट आहे, मला लागलं तर काय होतं? तू खिडकीत बसलीस तर मी काय करू?" एवढं बोलून यांचा आवाज फुटला. वन्सं एकदम सिस्टर झाल्या, यांचा खांदा धरून बाकावर बसवलं, पाणी आणलं. आणि जाता जाता माझ्याकडे असं बघितलं की मी सरळ खिडकीबाहेर पाहू लागले.

मग कामाला लागलो. नवा साचा कोरून घ्यायला वेळ नव्हता. यांनी भिंतीवरचा वन्संचा साचा काढला आणि त्यावर चामड्याचे तुकडे चिकटवून तो वाढवायला घेतला. अंगठ्याकडे चार थर, करंगळीकडे दोन, वर फुगीर. माझा पेपर समोर टांगलेला. त्या साच्यावर जो बूट तयार झाला, काय सांगू तुम्हाला, पावासारखा दिसत होता. पुढून रुंद, गोल, टोक म्हणून नाही. आतल्या बाजूला दुकानाचा शिक्का मारायचा असतो, तो यांनी मारला नाही. म्हणाले, "याला मी माझा म्हणणार नाही." मी म्हटलं, नका म्हणू, पुढचा टाका घाला.

रोज संध्याकाळी ड्यूटीनंतर वन्सं यायच्या आणि तो अर्धवट बूट घालून दुकानात फेऱ्या मारायच्या. आणि हे विचारायचे, "कसा आहे?" आणि त्या म्हणायच्या, "छान आहे." तीस वर्षांची सवय अशी एका रडण्याने जाते होय? तिसऱ्या दिवशी यांनी हात टेकले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "प्रश्नच चुकतोय." त्या दिवसापासून ते विचारायला लागले, "कुठे लागतंय?" वन्सं विचार केल्यासारखं करायच्या आणि म्हणायच्या, "कुठेच नाही रे." यांना विश्वास बसायचा नाही, पण काय करणार? पायात घालून बघणाऱ्या वन्संच. तपासणीच्या आदल्या दिवशीही तेच उत्तर. यांना रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि म्हणून मलाही.

तपासणी सकाळी ठेवली होती, पण वन्संनी मेट्रनबाईंना सांगून ती संध्याकाळी, ड्यूटी संपल्यावर घ्यायला लावली. मेट्रनबाई म्हणाल्या, "वेड लागलंय का? दमलेल्या असाल." वन्सं म्हणाल्या, "म्हणूनच. सकाळी मी पास होईन आणि संध्याकाळी पोरांच्या अंगावर पडेन." एवढी खरी बाई, आणि भावापुढे मात्र खोटं बोलायची.

लांबलचक व्हरांडा, एका टोकाला तीन डॉक्टर हातात कागद घेऊन, मेट्रनबाई, पाच-सहा नर्सेस उगीच काम असल्यासारख्या रेंगाळणाऱ्या. हे भिंतीला पाठ लावून उभे, खिशात रापी आणि आरी. कशाला आणल्या होत्या ते त्यांनाच ठाऊक. मोठ्या डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "सुरू करा, सिस्टर."

वन्सं निघाल्या. एक, दोन, तीन पावलं. आणि थांबल्या. न थांबता चालायचं होतं, आणि त्या चौथ्या पावलाला थांबल्या. मेट्रनबाईंनी डोळे मिटून घेतले.

वन्सं वळल्या. डॉक्टरांकडे नाही, यांच्याकडे. चेहरा लाल झालेला. आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाल्या, "अरे, उजव्या टाचेच्या मागे लागतंय. चार दिवसांपासून लागतंय. चांगलंच लागतंय."

मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हे काय चाललंय? मला अजून दोन तपासण्या आहेत."

"दहा मिनिटं थांबा," वन्सं त्यांना म्हणाल्या. एखाद्या पोराला सुई टोचण्यापूर्वी म्हणायच्या तशाच सुरात. डॉक्टर थांबले.

हे गुडघ्यावर बसले. बूट काढला, आत बोट घालून बघितलं आणि रापी काढली. आपल्या हाताने घातलेले टाके, त्यांवर रापी चालवायची म्हणजे काय ते कारागिरालाच विचारा. यांनी एक क्षणही विचार केला नाही. टाचेच्या मागे, वरच्या काठाला, सरळ एक अर्धगोल खाच कापून काढली आणि कड हाताने मऊ केली. ती खाच आजही आमच्या प्रत्येक बुटाला असते. चिठ्ठीत तिला म्हणे ऊर्जेचा मार्ग म्हटलंय. पुढे त्याच व्हरांड्यात, त्याच संध्याकाळी, सात नर्सेसनी उभ्याने आपली मापं दिली, त्यातून दुकान वाढलं, मग दुसरं झालं, आज सव्वीस आहेत. आमच्या कुठल्याही दुकानात जा, विकणारी मुलगी तुम्हाला कसं वाटतंय असं विचारणार नाही. कुठे लागतंय, हेच विचारेल. पण तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. तेव्हा आम्हाला फक्त दोन फेऱ्या दिसत होत्या.

वन्संनी बूट चढवला आणि पुन्हा सुरुवातीपासून निघाल्या. व्हरांडा संपला, जिना उतरल्या, दिसेनाशा झाल्या. एक तरुण डॉक्टर त्यांच्यामागे गेला होता. आम्ही जिन्याकडे कान लावून बसलो. मऊ तळाचे बूट, आवाज काय कपाळ येणार? पहिल्या फेरीला त्या वर आल्या, आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, वळून पुन्हा गेल्या. दुसऱ्या फेरीला फार वेळ लागला. हे भिंतीवर नखाने काहीतरी कोरत होते आणि मी त्यांचा हात धरून ठेवला होता.

आधी तो तरुण डॉक्टर वर आला, धापा टाकत. त्याच्यामागून वन्सं. घामाघूम झालेल्या, पण पाऊल सरळ टेकत होतं, सबंध तळ टेकत होता. तरुण डॉक्टर म्हणाला, "सर, थांबल्या नाहीत. मीच एकदा थांबलो." मोठ्या डॉक्टरांनी कागदावर सही केली आणि तो मेट्रनबाईंच्या हातात दिला. मेट्रनबाई म्हणाल्या, "उद्या सातची ड्यूटी आहे, उशीर नको." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

वन्सं भावासमोर येऊन उभ्या राहिल्या. नर्सेस टाळ्या वाजवत होत्या. हे अजून जमिनीवरच बसलेले होते. त्यांनी वर पाहिलं आणि घाबरत घाबरत विचारलं, "ताई, कुठे लागतंय?"

वन्संनी या वेळी खरोखर विचार केला. पायाची बोटं आतल्या आत हलवून बघितली, एका पायावर भार दिला, मग दुसऱ्या. आणि म्हणाल्या, "डाव्या करंगळीला. थोडंसंच, पण लागतंय."

यांनी खिशातून पेन्सिल काढून बुटावर, बरोबर त्या जागी, खूण केली. डोळ्यांतून पाणी गळत होतं. आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती, पण इतका सुखी चेहरा मी यांचा कधी पाहिला नव्हता. वन्संनी खिशातल्या रुमालाने त्यांचं तोंड पुसलं आणि विचारलं, "उद्या सकाळपर्यंत होईल ना रे?"

"होईल," हे म्हणाले.